दार ठोठावणारी वाफ

साऱ्या कॅनडात लोखंडाशी इतक्या अदबीने बोलणारा दुसरा माणूस नसेल. आमचे घरमालक मूळचे वसईचे, म्हातारे आणि एकटे. किचनर शहरातल्या त्यांच्या जुन्या विटांच्या घरात आम्ही तिघी विद्यार्थिनी भाड्याने राहायचो आणि त्यांना अंकल म्हणायचो. घर तापायचं वाफेवर. बेसमेंटमधल्या बॉयलरची वाफ पाइपातून वर चढायची, खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरांत शिरायची आणि थंड होऊन तिचं पाणी झालं की ते त्याच पाइपाने खाली उतरायचं. चढणारी वाफ आणि उतरणारं पाणी वाटेत भिडली की घणाचे घाव पडायचे. पहाटे बर्फाने सगळी गल्ली मऊ, मुकी झालेली असायची आणि आमचं घर मात्र धुक्यात नांगर उचलणाऱ्या बोटीसारखं कण्हायचं, खणखणायचं.

अंकलना प्रत्येक आवाजाची ओळख होती. नुसतं फुसफुसलं की हवा सोडणारी झडप चोंदली. मग ती काढून ते व्हिनेगरमध्ये उकळत, आणि त्या वासाने, आज व्हिनेगर घातलेलं मटण शिजतंय या आशेने आम्ही तिघी खाली धावत यायचो. घणघण झाली की पाणी अडलं. मग ते उतार बघायची पाणसळ घेऊन जमिनीवर आडवे होत, रेडिएटरच्या नळापासून लांबच्या पायांखाली लाकडाची पाचर सरकवत, पाणी पाइपाकडे उतरावं म्हणून, आणि लोखंडाला कान लावून विचारत, "काय रे बाबा, कुठे दुखतं?" एकदा मी रेडिएटरवर पाय टेकवला तर म्हणाले, "बाय, म्हाताऱ्या माणसाच्या छातीवर पाय ठेवतेस?"

मी चळवळीची पत्रकं वाचत लहानाची मोठी झालेली. खालच्या मजल्याला ऊब आणि वरच्याला नुसता आवाज, हे मला सहन होईना. मी 'उष्णतेचं समान वाटप झालंच पाहिजे!' असं जळजळीत निवेदन लिहिलं, तिघींच्या सह्या घेतल्या आणि दूर बर्नाबीला राहणाऱ्या अंकलच्या मुलाकडे धाडलं. माझं निवेदन आयुष्यात पहिल्यांदाच फळलं. मुलाचा फोन आला, "डॅड, इनफ. मी रविवारी येतोय. आवाज झाला तर बॉयलर काढून गरम हवेची फर्नेस बसवू." अंकल फोन ठेवून उठले. हॉलमधल्या रेडिएटरवरून हात फिरवत राहिले. ते पाहून मला माझ्याच निवेदनाचा निषेध करावासा वाटला.

तो आठवडा आम्ही पाचरी घेऊन त्यांच्या मागे फिरलो. सगळ्यात मोठा घण शेवटी आमच्याच खोल्यांत सापडला. पंख्याच्या रेग्युलेटरची सवय. त्यामुळे आवाज कमी व्हावा म्हणून आम्ही वाफेचा नळ 'दोनवर' ठेवायचो, म्हणजे अर्धा उघडा. अंकलनी कपाळावर हात मारला. "अगो, हा काय पंखा आहे? अर्ध्या दारातून वाफ आत येईल, पण पाणी बाहेर कसं जाईल? उघड तरी, नाहीतर बंद तरी कर. पत्रकात तडजोड नको म्हणून ओरडतेस, नि इथे?"

रविवारी मुलगा आला, कॉफी घेऊन हॉलमध्ये बसला. खाली बॉयलर पेटला. वाफ चढली असावी, कळलंच नाही. "डॅड, हीट चालू आहे ना?"

"हात लाव."

त्याने रेडिएटरला हात लावला आणि झटकन मागे घेतला. फर्नेसचा विषय पुन्हा निघाला नाही.

आम्ही जिंकलो होतो. पण अंकल हरवल्यासारखे दिसू लागले. पहाटे खुर्चीत कान टवकारून बसत. ऊब येई, पण कुणी चोरपावलांनी यावं तशी. "घर उठलं की नाही, समजत नाही गो," एकदा म्हणाले.

मग एका पहाटे हॉलमधून ओळखीचा आवाज आला. ठण्. थोड्या वेळाने पुन्हा, ठण्. मी खाली गेले. बाहेर निळसर बर्फ पडत होता. रेडिएटरखालची पाचर अंकलच्या स्वेटरच्या खिशातून डोकावत होती.

"लाकूड सुकून सरकलं असेल," खिडकीकडे बघत ते म्हणाले.

आजवर एकही तक्रार पोटात न ठेवलेली मीही खिडकीकडेच बघू लागले. त्यांच्या शेजारी बसले, पुढच्या ठोक्याची वाट बघत.