फिजी, व्हाया अकोला

प्रवास सात दिवसांचा असतो आणि त्याची तयारी दीड वर्ष चालते. तेव्हा किस्से प्रवासापेक्षा तयारीतच जास्त जमतात, हे ओघानं आलंच. त्यातून तयारी करणारे अमरावतीचे असतील आणि जायचं फिजीला असेल, तर मग विचारूच नका! परत आल्यावर लोक फोटो दाखवतात. फोटो सगळ्यांचे सारखेच. समुद्र, नारळ, टोपी. खरी मजा आधीच होऊन गेलेली असते आणि तिचा फोटो कुणी काढलेला नसतो.

आमचा गट सकाळी मैदानावर फिरणाऱ्यांचा. वानखडे सर आणि त्यांची बायको रेखा. सर गणिताचे निवृत्त शिक्षक. कुसुमताई आणि त्यांचे यजमान भाऊ. भाऊंचं बी-बियाण्यांचं दुकान, दोघंही मूळ दर्यापूरकडचे. आणि मी व अनिल. मी कॉलेजात ग्रंथपाल. अनिल, माझा नवरा, आता नाही. दोन वर्षं झाली. फिजीची कल्पना मात्र त्याची होती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण यातल्या ज्या गोष्टींवर बाकीचे जागच्या जागी हसले, त्यांचं हसू मला बऱ्याचदा उशिरा आलं. मधल्या वेळात मी चक्क जळत होते.

*

अनिलनं फिजी निवडलं ते पृथ्वीच्या गोलावर. कॉलेजनं मोडीत काढलेला एक गोल मी घरी आणला होता. एका संध्याकाळी सगळे आमच्याकडे असताना त्यानं अमरावतीवर बोट ठेवलं, गोल फिरवला आणि पार पलीकडे जाऊन थांबला. "इथून पुढे तारीखच बदलते," तो म्हणाला. "म्हणजे जगाचं टोकच की! चला, सहा जण जाऊ." लगेच एक वही काढून त्यानं पहिल्या पानावर सहा नावं लिहिली.

भाऊंनी चष्मा लावून तो ठिपका पाहिला. "तिथले लोक काय करतात?"

अनिलनं सांगितलं, की शंभरेक वर्षांपूर्वी आपल्याकडची माणसं तिथे मजुरीला नेली होती, त्यांची नातवंडं-पतवंडं आजही हिंदी बोलतात, आणि उसाची शेती करतात.

"म्हणजे एवढ्या दूर आपून ऊस पाहाले जाऊन राहिलो?" भाऊ म्हणाले. "ऊसच पाहाचा हाय तं कोल्हापूरले चला ना! संध्याकाळी गाडीत बसलं का सकाळी ऊस!"

*

अनिल गेल्यावर वर्षभर कुणी फिजीचं नाव काढलं नाही. मग एका सकाळी वानखडे सर चालता चालता म्हणाले, "वहिनी, ती वही आहे ना तुमच्याकडे?"

वही होती. पाऊस कुठल्या महिन्यात कमी असतो, विमान कुठे बदलायचं, सोबत कुठली औषधं, सगळं अनिलच्या अक्षरात. "तुम्ही जा, मी येत नाही," मी म्हटलं. वही मात्र लगेच हातातून सुटली नाही. ती घेऊन मीही त्यांच्याबरोबर अकोल्याला गेले. सरांच्या ओळखीचा ट्रॅव्हल एजंट तिथे होता, आणि ओळख असल्याशिवाय सर भाजीसुद्धा घेत नाहीत.

एजंटनं विचारलं, "फॅमिली पॅकेज की हनिमून?"

सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिले. विमान तेच, हॉटेल तेच. हनिमूनमध्ये फळांची टोपली, खोलीची सजावट आणि मेणबत्तीच्या उजेडातलं एक जेवण फुकट. "मग हनिमून लिहा!" सर म्हणाले. सर बासष्ट वर्षांचे आहेत.

दोन खोल्या हनिमूनच्या लिहून झाल्यावर एजंट माझ्याकडे वळला. "मॅडम, तुमचे मिस्टर?"

"ते येणार नाहीत."

"सुट्टी नाही मिळाली का?"

मी काही बोलायच्या आत कुसुमताई म्हणाल्या, "मोठी सुट्टी भेटली त्याले."

एजंट एकदम खूश झाला. "अरे वा! मग तर त्यांनी आलंच पाहिजे!"

परतताना मूर्तिजापूरपर्यंत सगळे खिडकीबाहेर बघत होते. मग मलाच हसू फुटलं, आणि सगळे सुटल्यासारखे हसले. त्या हसण्यात वही रेखाच्या पर्समध्ये गेली ती गेलीच.

*

कुसुमताईंचा हा पहिलाच पासपोर्ट. चौकशीला हवालदार आला. आमची घरं एकाच गल्लीत, त्यामुळे साक्षीला मी.

"यांच्यावर काही केस वगैरे?" त्यानं मला विचारलं.

"सासू करनार होती," उत्तर कुसुमताईंनीच दिलं, "पण तिले टाइम नाही भेटला."

हवालदार हसला नाही. "परदेशात काय काम आहे?"

"हिच्या नवऱ्याचं काम हाय थे. अर्धं टाकून गेला."

त्यानं कागद माझ्यापुढे सरकवला. वर्तणूक चांगली आहे असं लिहून खाली सही करायची होती. पेन हातात घेऊन मी जरा वेळ तशीच बसले. खरं सांगते, मनात आलं, दोन वाकडे शब्द लिहिले तर फिजी इथेच थांबेल!

"काहून वं? माही वर्तणूक आठवून राहिली का?" कुसुमताईंनी विचारलं.

मी सही केली. घरी येऊन कपाट उघडलं. आमचे दोघांचे पासपोर्ट एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत होते. माझ्या पासपोर्टची मुदत अजून सात वर्षं बाकी होती. अनिलच्याही.

*

बेटावर हाफपँट घालायची तर आधी सवय पाहिजे, असं वानखडे सरांनी ठरवलं. चाळीस वर्षं फुलपँटीत गणित शिकवलेला माणूस! पहिल्याच सकाळी त्यांचा एक जुना विद्यार्थी, आता वकील, मैदानाबाहेर स्कूटर थांबवून धावत आला. सरांच्या पाया पडला, त्या पांढऱ्याफटक उघड्या नडग्यांकडे पाहिलं आणि हळूच रेखाला विचारलं, "मॅडम, प्लास्टर कधी काढलं?"

रेखा हसून हसून खाली बसली. मग उठून तिनं सरांच्या शर्टाची कॉलर नीट केली. दोघांनी नारळाच्या झाडांचे सारखे शर्ट घेतले होते. बाकावर बसून तिनं अनिलची वही उघडली आणि मोठ्यानं वाचलं, "'उतरताना डावीकडची खिडकी घ्यावी. पाण्याचे दोन रंग दिसतात.' ए, मी डावीकडेच बसणार हं!"

त्या सकाळी माझ्या बुटाची नाडी तीनदा सुटली.

*

पासपोर्ट आले म्हणून भाऊंनी घरी सत्यनारायण ठेवला. नेमकं त्याच सकाळी कुसुमताईंना दर्यापूरला आजारी भाचीकडे जावं लागलं आणि येताना बस वाटेत बंद पडली. गुरुजींना पुढची पूजा होती. त्यांनी भाऊंच्या कमरेला एक सुपारी खोचली. यजमानाची बायको हजर नसली की तिच्या जागी अशी सुपारी धरतात. पूजा सुरू झाली.

दुसऱ्या अध्यायाला कुसुमताई घामाघूम होऊन दारात उभ्या. प्रकार त्यांच्या लगेच लक्षात आला.

"मी जित्ती हाओ अन् माह्या जागी सुपारी?"

"ताई, शास्त्र आहे," गुरुजी म्हणाले.

"तरीच हे एवढे खुशीत दिसून राहिले. सुपारी बोलत नाही ना!"

सगळे हसले. भाऊ तर सगळ्यांपेक्षा जास्त. पाटावर बसता बसता कुसुमताईंनी विचारलं, "बरं गुरुजी, नवरा हजर नसला तं बाईनं काय खोचावं?"

हसणं थांबलं. रेखा प्रसादाचं पातेलं उगाच ढवळायला लागली. माझ्याकडे कुणीच पाहिलं नाही, म्हणजे सगळ्यांचंच लक्ष माझ्याकडे होतं.

"तशी पद्धत नाही," गुरुजी म्हणाले.

"पद्धत नाही, का मनाई हाय?"

गुरुजींनी पोथीचं पान उलटलं. "अध्याय तिसरा," ते म्हणाले.

*

तिकिटं निघायच्या आदल्या दिवशी सरांनी बॅगांच्या वजनाची रंगीत तालीम ठेवली. जागा, भाऊंच्या दुकानातला काटा. सरांची बॅग एकवीस किलो. रेखाची साडेबावीस. कुसुमताईंची बरोबर तेवीस, त्यात कपडे किती आणि कुरडया किती ते विचारायचं नाही. मग भाऊंची बॅग चढली.

"तीन किलो दोनशे," सरांनी वाचलं. "भाऊ, आत काय आहे?"

"काही नाही. बॅगच तेवढी हाय."

"आणि कपडे?"

"मी कुठं चाललो?" भाऊ शांतपणे म्हणाले. "मृग डोक्यावर आला. लोकं बियाणं मागतीन अन् मी तिकडं समुद्रात पाय सोडून बसू?"

कुसुमताई दुकानातून निघाल्या त्या थेट माझ्या घरी आल्या.

"चाल."

"कुठे?"

"फिजीले. माह्या खोलीत जागा झाली."

"ताई, ती अनिलची ट्रिप आहे. त्याच्याशिवाय मी नाही जाणार."

"अन् वानखडीन त्याची वही पर्समंधी घालून चालली, थे चालते तुले?"

मी पेपरची घडी घालायला लागले.

"तुह्या पोटात दुखून राहिलं, मले दिसत नाही का? इथं दुखवत बसाचं का तिथं, तेवढं सांग."

मी माळ्यावरून बॅग काढली. मी मोठा धीर केला असं नातेवाईक अजून म्हणतात. धीर वगैरे काही नव्हता. अनिलच्या खिडकीत रेखा बसेल हे मला सोसणार नव्हतं, एवढंच.

भाऊंचं नाव काढून माझं घालायला मी अकोल्याला फोन केला. एजंटनं नाव बदललं, पण त्याला मनापासून वाईट वाटलं. "काय मॅडम, एवढी मोठी सुट्टी, आणि मिस्टर तरीही नाहीच येत?"

*

उतरताना डावीकडची खिडकी मी घेतली. रेखानं दोनदा मागितली. दिली नाही.

फिजीच्या विमानतळावर खाण्याच्या जिनसांची तपासणी कडक असते, हेही वहीत होतं. पण कुसुमताईंनी वही वाचलेली नव्हती. अधिकारी हिंदी बोलणारा निघाला. त्यानं लोणचं काढलं, कुरडया काढल्या, मुगाच्या वड्या काढल्या. "माताजी, कोई बीज है?"

"बीज दुकान पे है," कुसुमताई म्हणाल्या. "उसी के मारे तो नवरा नहीं आया!"

हॉटेलात पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. खोलीचं दार उघडलं. पलंगावर लाल पाकळ्यांचं बदाम, त्यावर टॉवेलचे दोन राजहंस चोचीला चोच लावून बसलेले, आणि नवविवाहित जोडप्याचं स्वागत करणारं कार्ड. खोली दाखवायला आलेली बाई कार्डाकडे बघत राहिली, मग आमच्याकडे, मग पुन्हा कार्डाकडे.

"टॉवेलचे बदक करून ठेवले," कुसुमताई म्हणाल्या. "आता आंग कशानं पुसाचं?"

ती बाई गेल्यावर मी गॅलरीचं दार उघडलं. समोर पाणी होतं. दोन रंगांचं. अगदी त्यानं लिहिलं होतं तसं. समुद्राकडे तोंड करून दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. मी एकीत बसणार, तेवढ्यात कुसुमताईंनी मागून माझा दंड धरला.

त्यांनी कमरेला हात घातला. नऊवारीच्या ओच्यातून हळदीनं पिवळी झालेली एक चिंधी काढली आणि सोडली. आत दोन सुपाऱ्या होत्या. अमरावतीपासून तिथपर्यंत त्या कमरेलाच होत्या. त्यांनी त्या नळाखाली धुतल्या, पदराला पुसल्या आणि एकेका खुर्चीवर एकेक ठेवली.

"हा माहा," त्या म्हणाल्या. "हा तुहा."

"पद्धत नाही," मी म्हटलं.

"मनाई बी नाही."

आम्ही दोघी दाराला टेकून उभ्या राहिलो. वारा होता, पण सुपाऱ्या हलत नव्हत्या. मग फोन वाजायला लागला. कुसुमताईंचा. व्हिडिओ कॉल. अमरावतीत सकाळचे साडेनऊ झाले असतील. भाऊ नुकतंच दुकान उघडून बसले असणार. कुसुमताईंनी फोन हातात घेतला, पण उचलला नाही. एकदा खुर्च्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. फोन वाजतच राहिला.

"उचला ना ताई," मी म्हटलं. "तुमची सुपारी बोलून राहिली."