घरटी एक

बुद्धिबळाच्या क्लबातल्या खेळाडूनं ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, चपलेसारखी निवडावी, आपल्या पायाच्या मापाची, असं माझं ठाम मत आहे. नोकरी आणि घर सांभाळून रविवारी खेळणाऱ्याच्या डोक्यात पुस्तकातल्या लांबलचक चाली राहत नाहीत. दोन-तीनच ओपनिंग घ्याव्यात आणि त्यात कुठलं प्यादं का पुढे जातं, तेवढं पक्कं समजून घ्यावं.

माझ्या नवऱ्याला वजीर लवकर बाहेर काढून नाचवायची खोड. त्याच्यासाठी मी मुद्दाम शांत ओपनिंग शोधल्या. पांढऱ्याकडून वजिरापुढचं प्यादं, मग काळ्या घरातला उंट बाहेर, आणि वजीर जागेवर. काळ्याकडून कॅरो-कान, तीही सावकाश आणि भक्कम. पावसाळाभर मी चपात्या लाटता लाटता चाली सांगायचे आणि तो टेबलावर पट मांडून खेळायचा. वजिराला हात गेला की मी लाटणं आपटायचे.

कराडात खताच्या दुकानावरच्या खोलीत आमचा क्लब भरतो. दिवाळीनंतर सांगलीच्या सांघिक स्पर्धेसाठी निवडीचे सामने झाले. चौघांचा संघ जाणार होता. माझा दुसरा नंबर आला, नवऱ्याचा चौथा. सांगली माझं माहेर. लग्नाआधी मी तिथं खेळायचे, आणि पुन्हा एकदा तिथं पटावर बसायची मला फार ओढ होती.

क्लब चालवणारे निवृत्त सुभेदार म्हणाले, "वहिनी, तुमी लय चांगलं खेळला. पर संघात घरटी एकच घ्यायचा. न्हाईतर बाकीची कुरकुर करत्यात."

घरटी एक. आमच्या भागात गावकीच्या कामाला, बैठकीला, जेवणाच्या आवतणाला घरटी एक माणूस जातो. तोच नियम यांनी बुद्धिबळाला लावला. बरं, लावा! पण आमच्या घरातलं ते एक कोण, हे कुणी विचारलंच नाही. सुभेदारांनी सरळ नवऱ्याचं नाव सांगून टाकलं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो मान खाली घालून सोंगट्या डब्यात भरत होता.

घरी आल्यावर म्हणाला, "मोठ्या माणसाला कसं दुखवायचं? आणि तू शिकवलंयस म्हणजे तूच खेळल्यासारखं आहे की." मला भयंकर संताप आला.

तरी मी सांगलीला गेले, माहेरचं निमित्त करून. शेवटच्या फेरीत नवऱ्यानं माझी कॅरो-कान जशीच्या तशी खेळली आणि जिंकला. संघाला ढाल मिळाली. सुभेदारांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "गड्या, लय दमानं खेळलास. ही ओपनिंग कुणाकडनं शिकलास रं?"

"यूट्यूबवर बघून," नवरा म्हणाला.

मी त्याच्या शेजारीच उभी होते, त्याची पाण्याची बाटली धरून.