खंबाटकीचा बोगदा कधी गेला?

वारज्यात राहणाऱ्या माणसाला विमानाचं कौतुक सांगू नये. हायवे दाराशी आणि विमानतळ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, लोहगावात. हुबळीच्या कारखान्याचं काम निघालं की आमचा वाद ठरलेला. मी म्हणायचो, या खेपेला विमानाने जाऊ. धंद्यातला माझा भागीदार मूळचा शनिवार पेठेतला, आता वारज्यात राहणारा. तो म्हणायचा, "जा की. तुम्ही बूट-पट्टा काढून रांगेत उभे राहाल, तोवर मी साताऱ्यात पेढे घेतलेले असतील." शेवटी मी त्याच्या शेजारी बसायचो. गाडी तोच चालवायचा. दुसऱ्याच्या हातात देणं त्याला जमतच नसे.

त्या दिवशी हुबळीहून परत येत होतो. भरदुपार. कोल्हापुरात दाबून जेवण झालेलं. साताऱ्यानंतर मी गिऱ्हाइकाच्या तक्रारींबद्दल बोलत होतो आणि तो "हं, हं" करत होता. बोगदा गेला, त्यापुढचं ते वाईट वळणही गेलं. एका ट्रकला त्याने अगदी व्यवस्थित ओव्हरटेक केलं. शिरवळ गेलं, नीरेचा पूल गेला. मला तसूभरही शंका आली नाही.

खेड शिवापूरचा टोलनाका दिसायला लागला, तेव्हा तो म्हणाला, "बोगद्याच्या अलीकडे चहा घेऊ या."

मला वाटलं, टोमणा मारतोय. "कुठला बोगदा?"

"अहो, खंबाटकीचा. दुसरा कुठला?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

"बोगदा केव्हाच गेला," मी म्हणालो. "समोर टोलनाका आहे. गाडी बाजूला घ्या."

त्याने घेतली. डोळे उघडे, हात स्टेअरिंगवर, तोंडाने हुंकार चालू, आणि माणूस जागेवर नव्हता! एवढा वेळ मी कुणाशी बोलत होतो, कुणाच्या भरवशावर बसलो होतो? मला दरदरून घाम फुटला. त्याचा चेहरा तर पांढराफटक पडला होता. टोलनाक्याच्या पाटीकडे तो पुन्हा पुन्हा बघत होता, तिथे कुणी ती चुकून लावली असावी तसा.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गाडीच्या स्पीकरवर त्याच्या बायकोचा आवाज आला, नेहमीसारखाच निवांत.

"अहो, कुठवर आलात?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, तुम्ही सांगा म्हणून.