तिकडचे काका

आमच्या गल्लीतले बाकीचे काका आडनावाने ओळखले जात. एकच काका दिशेने ओळखले जात, ते म्हणजे तिकडचे काका. राहायला पुंडलिकनगरात, अगदी आमच्या समोर. पण बोलायला लागले की पहिला शब्द ‘तिकडं’. “तिकडं रांग म्हंजे रांग.” “तिकडं रस्त्यावर कुणी थुंकून दाखवा बरं!” तिकडं म्हणजे चीनमधलं एक शहर. त्यांची मुलगी आणि जावई तिथे नोकरीला होते. काका तिथे जेमतेम पंधरवडाभर राहिले आणि त्यातलेही चार दिवस पोट बिघडून अंथरुणात होते, ही माहिती काकूंनी न विचारता पुरवली होती.

त्याआधी काकांचं पाण्याच्या मोटरींचं दुकान होतं. फुलंब्रीकडचे शेतकरी त्यांचं गिऱ्हाईक. मग दुष्काळाची वर्षं लागोपाठ आली आणि बोअर आटत गेले. “जमिनीत पाणी नाय अन् मी मोटरी विकतोय, म्हंजे टकल्याला कंगवा विकल्यासारखं झालं,” असं म्हणून एक दिवस त्यांनी शटर खाली ओढलं. मुलीने हवापालट म्हणून तिकडे बोलावून घेतलं. निघताना ती सहज म्हणाली, “बाबा, आता तुम्ही दोघं इथंच राहा ना.” काकांना ते फार झोंबलं.

परत आले ते डोक्यात गाडी घेऊनच. “तिकडं बॅटरीवरच्या तीनचाकी हायेत. धूर नाय, आवाज नाय. म्हातारी माणसं त्यात बसून भाजीला जातात.” शहर चहूकडे पसरत होतं, नव्या वसाहती उठत होत्या, आणि रिक्षावाले मोठा रस्ता सोडून गल्लीत शिरायला तयार नव्हते. हे काकांनी बरोबर हेरलं होतं. दुकान विकून त्यांनी एक बॅटरी रिक्षा आणली. मागे हौसेने ड्रॅगन रंगवून घेतला. पेंटरने जन्मात ड्रॅगन पाहिलेला नसल्यामुळे तो थेट घोरपडीसारखा झाला.

पूजेच्या दिवशी काकूंनी गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, “ही चालली तर बरं. नाय तर बोचकं बांधा अन् चला जावयाच्या दारी.” सगळे हसले, काका हसले नाहीत. जावयाच्या अन्नावर म्हातारपण काढायची पाळी येईल, ही एकच भीती त्यांना होती. एरवी आम्ही त्यांची कितीही टिंगल करत असू, त्या विषयाला कुणी हात लावत नसे.

गाडी काही चालेना. म्हणजे रस्त्यावर छान चालायची, पण रिकामी. दुसऱ्या रिक्षा चार घरं आधीपासून फटफटत येत. लोक चपला शोधून बाहेर पडेपर्यंत त्या दारात हजर. काकांची गाडी मांजरासारखी यायची आणि तशीच निघून जायची. ती चालवायला ठेवलेले रशीदभाई शेवटी म्हणाले, “गाडी तो एक नंबर है काका, मगर आती कब, जाती कब, किसीकू मालूमच नई पडता.”

“तिकडं लोक डोळे उघडे ठेवून चालतात,” काका म्हणाले.

“इधर कान से चलते, काका.”

मग काकांनी शहागंजातून एक दणदणीत भोंगा आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः नवरदेवासारखे मागे बसले आणि गल्लीच्या तोंडाशी रशीदभाईंना म्हणाले, “वाजवा!”

भोंगा वाजला आणि गल्लीतलं एकूण एक दार उघडलं. बायका हंडे, कळश्या, बादल्या घेऊन धावत आल्या. आमच्या आईने तर पिंपच गडगडत आणलं. दुष्काळामुळे गल्लीत पाण्याचा टँकर यायचा आणि त्याच्या ड्रायव्हरनेही नेमका त्याच आवाजाचा भोंगा बसवलेला होता.

“टँकर कुठंय?”

“टँकर नाय, मी हाय,” काका म्हणाले.

“तुम्हाला काय हंड्यात भरू?” एक बाई कडाडली. “तव्यावर भाकर सोडून आले मी!”

काका गाडीतून उतरले. चेहरा पार पडला होता. आता नारळ नाही, आपलं टाळकंच फुटणार असं त्यांना वाटलं असावं. पण मग त्यांनी सीटवरची धूळ रुमालाने झटकली आणि म्हणाले, “बसा. टँकर असंल तिथं नेतो.”

टँकर पलीकडच्या मैदानाजवळ सापडला. जाताना मांडीवर रिकामे हंडे होते, येताना भरलेले. प्रत्येक खड्ड्याला नव्याकोऱ्या सीटवर पाणी हिंदकळत होतं. गाडीत जागा न उरलेले काका दारात उभे राहून ते बघत होते. “तिकडं...” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

“तिकडं नळाला पाणी येतं,” काकू म्हणाल्या. “गप बसा.”

त्या दिवसापासून गाडी खरी चालू लागली. टँकरला जाणाऱ्या बायका त्याच गाडीने बाजारात जाऊ लागल्या, दवाखान्यात जाऊ लागल्या, लेकीला माहेरी आणायला स्टँडवर जाऊ लागल्या. गाडीचं नाव पडलं हंडागाडी. घोरपडीकडे कुणी बघितलंसुद्धा नाही, याचं काकांना कायम वाईट वाटत राहिलं.

पुढे पाऊस बरा झाला, गल्लीत मोठ्या गाड्या आल्या, काकू गेल्या. काका खूप एकटे पडले. मुलगी न्यायला आली तेव्हा या खेपेला नाही म्हणाले नाहीत. गाडी रशीदभाईंच्या हवाली केली आणि मला बजावलं, “पाहुणा म्हणून चाललोय. माझा धंदा इथं चालू हाय, ध्यानात ठेव.”

चिकलठाण्याच्या विमानतळावर ते हंडागाडीनेच निघाले. गल्लीच्या तोंडाशी रशीदभाईंनी भोंगा वाजवला. सगळी दारं उघडली, सगळी माणसं बाहेर आली. या वेळी कुणाच्याच हातात हंडा नव्हता. फार प्रेम होतं माझं त्या माणसावर.

मागच्या महिन्यात मुलीचा फोन आला होता. म्हणाली, “बाबा रोज खाली बाकावर बसतात. समोरून बॅटरीची गाडी गेली की शेजारच्या चिनी आजोबांना मराठीतून सांगतात, ‘आवाज नाय हिला. आमच्या इकडं भोंगा वाजला की अख्खी गल्ली बाहेर येती.’”