सेवकराम गोठ्यामागे होते

"मी मेलो नाही, याच्यात पोरीचा काय गुन्हा?" सेवकराम तिसऱ्यांदा विचारत होते.

"गुन्हा नाही. पण तिचं पळणं आजपासून बंद," त्यांचा मुलगा हेमराज म्हणाला. "अर्धं गाव दारात उभं होतं, बाबा! भोजराज तिरडीचे बांबू घेऊन आला!"

बांबू अजून अंगणात पडले होते.

"शेजारच्या सत्यवतीनं दुःखाचा चहा आणला किटलीभर," सून करुणा आतून म्हणाली. "अन् मामाजी, तुम्हीच त्यातला दोन कप पेले."

"गरम होता," सेवकराम म्हणाले.

करडी गावात सकाळी उगाच कोणी पळत नाही. बैल धानात शिरला किंवा घरातलं कोणी वारलं, तरच माणूस पळतो. घरोघरी मोबाईल आले, तरी गावाचा हा समज हलला नव्हता. नात रीता नववीत होती. तीन आठवड्यांनी मोहाडीला तालुक्याची शर्यत, म्हणून ती आज पहिल्यांदा तलावाच्या बांधावरून पळाली. वाटेत भोजराजने विचारलं, "आबाजी बरे हायेत ना?" पळताना बोलायचं नाही, दम तुटतो, असं शाळेच्या सरांनी बजावलेलं. तिने नुसता हात हलवला. भोजराजने मान खाली घातली आणि तो थेट बांबू तोडायला गेला.

सेवकराम त्या वेळी गोठ्यामागे कडुलिंबाची काडी चावत होते. दारात शेजारच्या शेतवाल्या बायजाबाईने गळा काढला, "कोणाले वाकडा शब्द बोलला नाही माहा भाऊ!" याच बायजाबाईशी त्यांचं शेताच्या धुऱ्यावरून नऊ वर्षं भांडण चाललेलं. सेवकरामांनी तेव्हाच बाहेर यायला हवं होतं. पण बहात्तर वर्षांत आपल्याबद्दल इतकं चांगलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ते थांबले. तेवढ्यात गर्दी वाढली.

ही गोष्ट त्यांनी अजून कोणाला सांगितली नव्हती.

"पळायचं तं धर्मेंद्रनं पळावं," हेमराज म्हणाला. "त्याच्यासाठीच जोडे आणले."

धर्मेंद्र, रीताचा भाऊ, जिल्ह्याचे दोन तुकडे झाले त्या वर्षीचा. आता सतरा वर्षांचा. पोलीसभरतीसाठी तो चार दिवस पळाला. पाचव्या दिवशी पानठेल्यावरची पोरं त्याच्या पोटाकडे पाहून ओरडली, "बाजूले व्हा रे, ट्रॅक्टर आला!" तेव्हापासून त्याचा गुडघा दुखत होता. त्याचे जोडे बोटांकडे चिंध्या कोंबून आज रीताने घातले होते.

"पोरीले कायले पाहिजे व्यायाम?" हेमराज थांबेना. "धानाच्या रोवणीले येते, निंदाले येते. कमी हाये का?"

"रोवणीत मागं मागं सरकावं लागते, बाबा," रीता म्हणाली. "शर्यत पुढं असते."

करुणा फसकन हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला. हेमराज हसला नाही.

"जोडे काढ. दे त्याले."

"मले नको," अंथरुणातून धर्मेंद्र म्हणाला. त्याचं कोणी ऐकलं नाही.

रीता पायरीवर बसली. चिखलाने नाडीची गाठ घट्ट बसली होती. ती रडली नाही, फक्त एकेक चिंधी बाहेर काढून मांडीवर ठेवू लागली. सेवकरामांना ते पाहवेना.

"मी गोठ्यामागंच होतो," ते म्हणाले.

"कधी?" हेमराजने विचारलं.

"बायजाबाई रडून राहिली होती तेव्हा."

"मंग आवाज द्याचा ना, बाबा!"

"द्याचा तं होताच. पण ती नुकतीच रंगात आली होती."

आत करुणाच्या हातातलं झाकण पडलं. हेमराजने कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात सेवकरामांनी भिंतीला टेकवलेली सायकल ओढून खांद्यावरच्या दुपट्ट्याने तिची सीट पुसली.

"उद्यापासून मी सायकलीनं रीताच्या पुढं राहीन. ज्याले इचारायचं हाये, त्यानं मले पाहावं. रीता, जोडे घाल. करुणा, सकाळी पाच वाजता चहा पाहिजे."