घाटातली टकटक
रॉकेलचा वास आला की मला पाटणचं ते गॅरेज आठवतं. गाडीनं घाटात जोर धरावा म्हणून मी मिस्त्रीकडून इंजिनाचं हेड घासून घेतलं होतं. "कॉम्प्रेशन वाढलंय, आता पेट्रोल चोखच घाला, भेसळ केली तर इंजिन जाईल," असं त्यानं बजावलं होतं. कोयनानगरच्या चढाला इंजिन टकटकत राहिलं आणि पिस्टनला भोक पडलं. गाडी ओढून आणली आणि आल्या आल्या मी मिस्त्रीच्या कपाळावर पाना हाणला. रक्त पुसत त्यानं टाकीचं झाकण काढून हुंगलं. "आवं, यात रॉकेल हाय," तो हलक्या आवाजात म्हणाला. पैसे वाचवायला मीच मिसळलं होतं. जमलेल्या माणसांसमोर तो ते मोठ्यानं बोलायच्या आत मी त्याच्या तोंडावर दुसरा घाव घातला. पहिला रागाच्या भरात बसला, असं मी अजून सांगतो. दुसऱ्याचं खरं कारण कुणालाच सांगितलेलं नाही.