फुग्यांवरची दाढी

रुग्ण: पुरुष, वय बासष्ट. व्यवसाय: केशकर्तन. निदान: पक्षाघात, उजवी बाजू. उजव्या हाताची पकड: क्षीण. दाढी करणे: परावलंबी. जीवनमान: शंभरपैकी एकेचाळीस.

यातली दाढीची नोंद त्याच्याच खरेपणामुळे झाली. फिजिओथेरपीच्या बाईंनी विचारलं, "स्वतःची दाढी स्वतः करता?" तो म्हणाला, "छे हो, चाळीस वर्षांत कधी नाही." न्हावी आपली दाढी शेजारच्या न्हाव्याकडून करून घेतो, हे त्या फॉर्मला कोण सांगणार?

त्याला गुणांचं सोयरसुतक नव्हतं. त्याला हवी होती दुकानातली पहिली खुर्ची, दाराजवळची. तिच्यामागे सध्या भागीदार उभा राहत होता. त्याची अट साधी होती: रक्त न काढता एक दाढी करून दाखव, खुर्ची तुझी.

बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला, बोटांनी ताणायला पट्टे दिले. तो व्यायाम त्याने सकाळ-संध्याकाळ इमानेइतबारे केला. दुपारी मात्र तो शिकाऊ न्हाव्यासारखा फुग्याला फेस लावून त्यावर वस्तरा चालवायचा. पहिल्याच आठवड्यात बावीस फुगे धारातीर्थी पडले. वरच्या मजल्यावरून विचारणा झाली, घरात वाढदिवस आहे का. बायकोने सांगितलं, "रोजच असतो."

चहाला आलेला तिचा धाकटा भाऊ पेपरातून मान न काढता बोलून गेला, "भाऊजी, एक फुगा शाबूत ठेवा, माझा गळा तुमचा."

दोन महिन्यांनी एक फुगा शाबूत राहिला. हा गृहस्थ तो छातीशी धरून, काठी विसरून, जिना उतरला आणि भर रस्त्यातून दुकानाकडे निघाला. मागे काठी घेऊन बायको, तिच्यामागे मेहुणा.

"अहो, सावकाश."

"ताई, मी गंमत केली होती गं."

"मग चल, गमतीने बस खुर्चीत."

मेहुणा बसला. भागीदार कापूस घेऊन उभा राहिला, जरा जास्तच तत्परतेने. वस्तरा कानापासून हनुवटीपर्यंत आला आणि गळ्याशी थबकला. न्हाव्याने डाव्या हाताने आपलं उजवं मनगट धरलं.

"भाऊजी, श्वास घेऊ का?"

"थोडा घे."

वस्तरा खाली आला. गळा कोरडा, गुळगुळीत, अखंड. भागीदाराने कापूस ठेवून दिला आणि तो आपला कंगवा उचलून दुसऱ्या खुर्चीकडे सरकला.

हल्ली पहिल्या खुर्चीसाठी अर्धा तास थांबावं लागतं.